सायकलच्या दुकानातले मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा मुलगा सध्या अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात चँडलर या शहरी असतो. चँडलर म्हणजे मूळचे वाळवंटातले गाव. डॉ. चँडलर नावाच्या एका पशुवैद्याने १९१२ साली कालव्याच्या पाण्याच्या भरवशावर ते वसविले. आज तिथे संगणकाच्या चिप बनविण्याचे मोठमोठे कारखाने आहेत. अशाच एका कारखान्यात आमचा विद्यार्थी यंत्रांची देखभाल करतो.

त्या रविवारी त्याने आपल्या मोटरसायकलचे पुढचे चाक घरीच काढले होते. टायर झिजला होता आणि तिकडे कारागिराची मजुरी फार. गाडीचे पुढचे अंग उचलून आधाराला टेकविले, ब्रेकचे दोन्ही कॅलिपर सोडविले, त्यांचा भार नळीवर येऊ नये म्हणून ते तारेने गाडीलाच बांधून ठेवले, ॲक्सल ओढून काढला आणि चाक मोकळे केले. येथवर सारे ठीक झाले. नवा टायरही चढला. पण मधल्या वेळात हँडल धरताना सवयीने त्याच्या हातून पुढचा ब्रेक दाबला गेला. कॅलिपरमध्ये डिस्क नव्हती. त्यामुळे आतले पिस्टन पुढे आले, पॅड एकमेकांना येऊन भिडले आणि चाक बसवून पाहतो तो कॅलिपरमध्ये डिस्कला शिरायला जागाच नाही!

मग त्याला त्याच्या मामांचा धडा आठवला. त्याने लाकडाची चपटी पाचर घेऊन पॅड हळूहळू मागे सारले. सारताना वरच्या डबीतले ब्रेकचे तेल उतू जात नाही ना, तेही पाहिले. कॅलिपर बसविले, बोल्ट ठरल्या जोराने आवळले आणि गाडीवर बसण्याआधी ब्रेकचा दांडा पुन्हा पुन्हा दाबला. पहिल्या खेपेला दांडा पोकळ लागला, थेट हँडलला जाऊन टेकला. दाबता दाबता तो घट्ट झाला, तेव्हाच त्याने गाडी जाग्यावरून हलविली. हे एवढे करायचे जो विसरेल त्याला पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही.

हे सारे त्याला कोणत्याही शाळेने शिकविले नव्हते. ते त्याने आपल्याच बेटावर, मामांच्या लहानशा गॅरेजमध्ये, लहानपणी पाहून घेतले होते. आणि त्या गॅरेजमध्ये जाऊ नकोस असे त्याला सांगणारे आम्हीच होतो. सी.पी.ई.ची परीक्षा जवळ आली होती. मुलगा शनिवारी काळे हात घेऊन घरी येतो, त्याला आवरा, असा निरोप आम्हीच त्याच्या आईला धाडला होता. त्याला ते अजून आठवत होते. तो रागाने बोलला नाही, पण आम्हाला ते लागले.

फोन ठेवल्यावर आम्हाला आठवण झाली ती दुसऱ्या एका मास्तरांची. मुंबईच्या नामांकित संस्थेतली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावच्या सायकलच्या दुकानात हात काळे करायला बसले, आणि पुढे त्यांच्या नावाने एक गाव वसले. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचे चरित्र आपल्या मुलांना आम्ही आजवर कधी नीट सांगितले नाही. ते आज सांगावे म्हणतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. घराण्याचे मूळ मात्र कोकणातले. किर्लोस या गावावरून किर्लोस्कर हे आडनाव पडले. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी ज्या कोकणाचा किनारा सोडून जहाज पकडले, त्याच मुलखातले हे नाव. आपले लोक समुद्र ओलांडून उसाच्या मळ्यात आले, तर किर्लोस्कर घाट चढून कानडी मुलखाच्या सीमेवर गेले. संगीत सौभद्र लिहिणारे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शिकून घराण्याला साजेशी विद्या मिळवावी, अशी अशा घरात अपेक्षा असायची. पण लक्ष्मणाचे मन पुस्तकी अभ्यासात रमेना. त्याला दोनच नाद होते. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रांचा. ब्राह्मणाच्या मुलाने असले काही करणे म्हणजे पोट भरायचे वांधे, असे घरच्यांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना सारे रामूअण्णा म्हणत, ते पाठीशी उभे राहिले. त्यांच्या पैशाच्या आधारावर लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घरच्यांचे मन मोडून मुंबईस आला आणि त्याच्या स्वप्नाच्या वाटेवर त्याचेच डोळे आडवे आले. दुसरा कोणी असता तर गाठोडे बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा मात्र सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाहीत. लागतो तो डोळ्याचा नेमकेपणा, मापाची शिस्त आणि आतला भाग बाहेरून ओळखण्याची शक्ती. त्यांनी यंत्रांचे रेखाचित्रण शिकून घेतले. याच विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था त्या काळी अगदी नवी होती.

शिक्षक झाल्यावर लक्ष्मणराव फळ्यावर चित्र काढून थांबले नाहीत. ज्या यंत्राचे चित्र विद्यार्थ्यांकडून काढून घ्यायचे, ते यंत्र आधी आपल्या हातांनी कळले पाहिजे असा त्यांचा बाणा होता. कार्यशाळेत जावे, यंत्रे चालताना पाहावी, परदेशी पुस्तके आणि मासिके वाचावी, असा त्यांचा क्रम चाले. आम्ही स्वतः शिक्षकाचे प्रशिक्षण घेतलेले आहे. पाठाचे टाचण कसे करावे, फळ्याचे भाग कसे पाडावे, हे सारे आम्हाला शिकविले गेले. पण जी वस्तू शिकवायची ती आधी स्वतः उकलून पाहा, हा धडा आम्हाला तरी मिळाला नव्हता. लक्ष्मणरावांनी तो आपल्याच बुद्धीने घेतला.

याच सुमारास सायकल त्यांच्या नजरेस पडली. आजच्या मुलांना सायकलचे काय कौतुक वाटणार? पण त्या काळी ती जगातली नवलाईची वस्तू होती. दोन सारख्या उंचीची चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आपल्या ओळखीची सायकल इंग्लंडात १८८५ साली बाजारात आली. हवा भरलेला रबरी टायर डनलॉप या पशुवैद्याने बेलफास्टमध्ये आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी गाडीसाठी तयार केला, आणि त्याचे पेटंट १८८८ साली घेतले. हिंदुस्थानात सायकल ही श्रीमंतांची आणि साहेबलोकांची चैन होती. लक्ष्मणरावांना तिच्यात धंदा दिसला. रामूअण्णा बेळगावी होते. दोघा भावांनी मिळून तिथे सायकलचे लहानसे दुकान काढले आणि त्यावर किर्लोस्कर ब्रदर्स अशी पाटी लागली. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म या दुकानापासून म्हणजे १८८८ सालापासून मोजतो.

मुंबईतल्या नोकरीत काही वर्षे गेली. बढतीची वेळ आली तेव्हा हक्काची जागा लक्ष्मणरावांना न मिळता दुसऱ्याला दिली गेली. ते हिंदी आहेत, हेच त्याचे कारण होते. नोकरीत राहून कुढत बसणे सोपे होते. महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला असता, मास्तर म्हणून मान मिळाला असता. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावची वाट धरून भावाच्या जोडीला दुकानात येऊन बसले.

घटकाभर त्या काळच्या मराठी समाजाच्या डोळ्यांनी हे पाहा. शिकलेला, मुंबईत मास्तरकी केलेला ब्राह्मण रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढतो आहे! लोकांनी हसून घेतले असेल, नातलगांनी माना खाली घातल्या असतील. आपल्या बेटावरही आज वेगळे काय आहे? मुलगा बँकेत लागला की आपण चार घरी मिठाई वाटतो. तोच गॅरेजमध्ये लागला, तर कोणी विचारल्यावर आपण विषय बदलतो.

सायकलच्या दुकानात शिकायला काय असते, असे कोणी विचारील. पुष्कळ असते. चाक काढायचे म्हणजे ॲक्सलचे दोन नट सोडविले की झाले, असे बघणाऱ्याला वाटते. पण त्या चाकाच्या पोटात छर्रे असतात, त्यांना धरून ठेवणारे कोन असतात. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरते आणि छर्रे खातात. ढिला राहिला तर चाक डुगडुगते. दोहोंच्या मधला बिंदू बोटांनाच कळतो. मग चाकाचा आऊट काढायचा. एक तार आवळायची, समोरची जरा ढिली करायची, चाक फिरवून पाहायचे, पुन्हा तेच. त्या काळचा ब्रेक म्हणजे दांड्याच्या टोकाचा एक पत्रा, जो पुढच्या टायरवरच दाबला जाई. तो लांब राहिला तर लागत नसे आणि फार जवळ आला तर टायर खाई. शिवाय सोडविलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने काढला त्याच्या उलट क्रमाने बसवायचा असतो. काही उरले तर समजावे की कुठेतरी चूक झाली.

ज्याने शाळेत यंत्रांची चित्रे काढायला शिकविले होते, त्याला हे दुकान म्हणजे दुसरी शाळाच झाली. लक्ष्मणराव नुसत्या सायकली विकत आणि दुरुस्त करीत नसत, गिऱ्हाइकाला त्या चालवायलाही शिकवीत. म्हणजे त्यांची मास्तरकी सुटली नव्हती. फक्त फळ्याच्या जागी रस्ता आला होता. पण एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. परदेशातून आलेली वस्तू विकून आणि दुरुस्त करून पोट भरेल, पण तशी वस्तू आपल्याला का बनविता येऊ नये, हा प्रश्न त्यांना सोडीना. जो भाग आपण काढून पुन्हा बसवू शकतो, तो मुळातून घडविणे ही पुढची पायरी आहे, आणि ती चढायचे त्यांनी ठरविले.

आता बनवायचे काय? बेळगावच्या आसपास सारा शेतकरी वर्ग. त्यांनी पहिल्यांदा कडबा कापायचे यंत्र तयार केले. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि बुडखे तुडविते. तुकडे करून घातला तर वाया जात नाही. त्यानंतर त्यांनी हात घातला तो लोखंडी नांगराला. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन ओरखडतो, माती उलटी करीत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पालथी घालतो. त्यामुळे तण गाडले जाते आणि खालची माती वर येते. परदेशी नांगर बाजारात होते, पण महाग. लक्ष्मणरावांनी देशी लोखंडी नांगर ओतला.

नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंड जमिनीत गेले की जमिनीत विष कालवते, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर विकले जायला दोन वर्षे लागली! दोन वर्षे नांगर तसेच पडून राहिले. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून शिव्या दिल्या नाहीत. ज्याची सारी पुंजी एक जमिनीचा तुकडा आहे तो नव्या वस्तूला भिणारच, हे ते जाणून होते. समजूत मोडायची तर शेतात नांगर चालवून दाखवायला हवा, आणि तो मोडला तर लगेच दुरुस्तही करून द्यायला हवा. नांगराचा फाळ हा सर्वांत जास्त झिजणारा भाग. तो टणक हवा, झिजल्यावर शेतकऱ्याला घरच्या घरी बदलता यायला हवा. सायकलच्या दुकानात बसलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगावी लागत नाही. विकलेली वस्तू एक दिवस उघडावी लागणार आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

हळूहळू नांगराला मागणी येऊ लागली. धंदा उभा राहतो आहे असे दिसू लागताच नवे संकट आले. बेळगावात नवी वस्ती उठवायची होती. त्यासाठी कारखान्याची जागा सोडावी, असा नगरपालिकेचा हुकूम आला. यंत्रे कुठे न्यावी, माणसे कुठे न्यावी, पैसा कुठून आणावा, काहीच ठिकाण नव्हते. या वेळी धावून आले ते औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार आणि कलेचे चाहते होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

जमीन मिळाली, पण ती पाहून कोणाचाही धीर खचला असता. चारी बाजूंना माळ, निवडुंगाचे रान, पाण्याची टंचाई आणि सापांचा सुळसुळाट. १९१० साली लक्ष्मणराव आपले कुटुंब आणि पंचवीसेक कामगारांची कुटुंबे घेऊन त्या माळावर आले. निवडुंग तोडला, खोपट्या उभारल्या, भट्टी पेटविली. रामूअण्णा बांधकामाकडे पाहत. लक्ष्मणराव यंत्रशाळा सांभाळीत. राधाबाई, लक्ष्मणरावांच्या पत्नी, या माळावरच्या संसाराला धीर देत. त्या वस्तीचे नाव किर्लोस्करवाडी पडले. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वेच्या स्टेशनालाही तेच नाव आहे. आपले पूर्वज ज्या मळ्यांवर उतरले, तेथेही त्यांनी आधी दगड वेचले आणि मग ऊस लावला. वाडीची गोष्ट म्हणूनच आपल्याला परकी वाटणार नाही.

वाडीवर चार वर्षे होतात न होतात तोच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले, त्यामुळे मागणी वाढली, पण त्याचबरोबर कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. दगडी कोळसा मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली. लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळगडावर जुन्या तोफा पडून होत्या. त्या त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या, आणि त्या वितळवून त्यांतून नांगर ओतले गेले. एके काळी गडाची राखण करणारे लोखंड शेतकऱ्याच्या शेतात उतरले. शाळेत हा प्रसंग सांगितला की मुलांचे डोळे कसे चमकतात ते आम्ही पाहिले आहे.

नांगरानंतर उसाचे चरक आले, पंप आले, लोखंडी सामानसुमान आले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी स्थापन झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या बातम्या गिऱ्हाइकांना कळाव्या म्हणून किर्लोस्कर खबर हे छोटे पत्र सुरू केले. त्याचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले, आणि त्याच्या जोडीला १९३० साली स्त्री मासिक निघाले. नांगराच्या जाहिरातीतून मराठीतली नामवंत मासिके जन्मास आली, हे ऐकून नवल वाटते. पण लक्ष्मणरावांच्या वाडीवर कारखाना आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

वाडीवर आणखी एक गोष्ट होती. तेथे शिवाशिव पाळू दिली जात नसे. भट्टीवर जो काम करतो तो कामगार, त्याची जात विचारायची नाही, असा रिवाज होता. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या काही माणसांना लक्ष्मणरावांनी चक्क पहारेकरी नेमले. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले, पण त्या माणसांनी इमानाने राखण केली. मोडलेले यंत्र फेकून न देता उघडून पाहावे, दोष कुठे आहे ते शोधावे आणि पुन्हा कामाला लावावे, ही ज्यांची रोजची सवय, त्यांनी माणसांच्या बाबतीतही तेच केले असे आम्हाला वाटते.

मुलांना त्यांनी हीच विद्या दिली. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली पदवी घेऊन परतले आणि वाडीच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगलोरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक, असे कारखाने उभे राहिले. एका दुकानाच्या पाटीवरचे नाव शेतातल्या इंजिनांवर आणि पंपांवर गावोगाव दिसू लागले.

म्हातारपणी लक्ष्मणरावांना एक मोठा घाव सोसावा लागला. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच ठिकठिकाणी जमाव खवळले आणि जाळपोळ सुरू झाली. त्या आगीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. निवडुंग तोडून उभारलेले काम डोळ्यांदेखत जळाले, तेव्हा लक्ष्मणरावांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. पण वाडी उठून गेली नाही. राख बाजूला सारली गेली, यंत्रे पुन्हा उभी राहिली आणि भट्टी पुन्हा पेटली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांनी देह ठेवला. बेळगावात आजही किर्लोस्कर यांच्या नावाचा रस्ता आहे.

वाचकहो, असे हे चरित्र. यातून मुलांना काय सांगावे? परीक्षा सोडा आणि गॅरेजमध्ये जा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लक्ष्मणरावांनी चित्रण शिकले नसते, परदेशी पुस्तके वाचली नसती, तर ते आयुष्यभर पंक्चरच काढीत बसले असते. पण नुसती पुस्तके वाचून हात स्वच्छ ठेवले असते, तर ते मुंबईत डावललेले मास्तर म्हणून निवृत्त झाले असते. डोके आणि हात एकाच माणसात एकत्र आले, म्हणून नांगर झाला.

आज आपल्या मुलांच्या मोटरसायकलींना डिस्क ब्रेक असतात. या ब्रेकची कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडातल्या लँचेस्टर नावाच्या इंजिनियराने तिचे पेटंट १९०२ साली घेतले होते. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलींत ती रुळली ती १९६९ सालच्या होंडा सी.बी. ७५० या गाडीपासून. दाबाचे तेल, पिस्टन, पॅड, सारे सायकलच्या त्या पत्र्याच्या ब्रेकपेक्षा किती पुढचे! पण शिस्त तीच राहिली आहे. नळीवर भार टाकू नये, चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये, टायरवरचा बाण चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेलाच असावा, डिस्कला आणि पॅडला ग्रीसचा हात लावू नये, आणि दांडा घट्ट लागल्याशिवाय गाडी हलवू नये. घाई करणाऱ्याला ही शिस्त माफ करीत नाही. ज्या मुलाने ती लहानपणी घेतली, तो गणितातही पायऱ्या गाळीत नाही, असा आमचा आताचा अनुभव आहे. हे आम्हाला वीस वर्षांपूर्वी कळायला हवे होते.

गेल्या शनिवारी आम्ही त्या विद्यार्थ्याच्या मामांच्या गॅरेजमध्ये जाऊन आलो. मामा आता थकले आहेत, पण हात चालू आहे. भाच्याला तुमच्याकडे येऊ न देण्यात आमची चूक झाली, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी ते हसण्यावारी नेले आणि बसायला स्टूल पुढे केले. पुढच्या सुटीत आमच्या वर्गातली मुले घेऊन येऊ का, असे विचारले, तर त्यांनी कापडाला हात पुसले आणि मुले किती आहेत ते विचारले. सायकली त्यांच्याकडे दोन जुन्या पडून आहेत. आधी त्यांचीच चाके मुलांकडून काढून घ्यायची आणि पुन्हा बसवायची, असे ठरले आहे.

ज्या पालकांच्या मुलांना यायचे असेल त्यांनी त्यांना जुने कपडे घालून पाठवावे. घरी परतल्यावर हात काळे दिसले तर रागावू नये.